न आलेला कागद

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकरांना नाही, देवापुढेही कधी पुटपुटले नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. वय झालं, एवढंच.

आम्ही कमठाण्याचे. आई मला जन्म देतानाच गेली. मला वाढवलं आजीनं. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. आजोबा निजामाच्या पलटणीत — अव्वाच्या वाट्याला नवरा आला तो रजेपुरता. त्यांचे कागद उर्दूत यायचे, पलटणीतला मुन्शी लिहून द्यायचा. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर; त्यांनी मला उर्दू शिकवलं होतं. अव्वाला कागद माझ्याच तोंडून ऐकायचा असे. "हळू वाच की गं, कामून पळायलीस?" मजकूर काय, तर बैल कसे आहेत, पाऊस झाला का. तरी ती पदर तोंडाला लावून लाजायची. त्या वयात! मला हसू यायचं.

मग लढाई लागली, पलटण समुद्रापार गेली आणि कागद थांबले. लढाई संपली तरी आले नाहीत. शेवटचा कागद येऊन चार वर्षं झाली. गावात कुजबुज होती. अव्वा मात्र रोज न्हाऊन, मेण लावून, ठसठशीत कुंकू रेखायची. "वाईट कागद आला न्हाई, म्हंजी माणूस हाय," म्हणायची.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते; माझं डोहाळजेवण होतं. आई नसल्यानं पहिली ओटी अव्वाच भरणार होती. सासूबाई चिंताकीहून आल्या — कडक बाई. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आजीचा धनी हाय का न्हाई? खरं सांग. पोटातल्या जिवाचा सवाल हाय."

'माहीत नाही' — इतकंच म्हणायचं होतं. खरंही तेच होतं. पण मला त्या बाईची भीती वाटली, आणि — सांगूनच टाकते — अव्वाच्या कुंकवाचीही. माझी आई बाळंतपणातच गेली होती ना. मी म्हणाले, "गेले."

जिभेला हाड नसतं म्हणतात. अव्वा मागेच उभी होती, हातात खणानारळाचं ताट.

तिनं ताट खाली ठेवलं आणि ती परसात गेली. बांगड्या फुटल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हाच धावत गेले असते तर? मी हिरवी साडी नेसून पाटावर बसून राहिले. ओटी दुसऱ्याच बाईनं भरली.

घरात तिचे कागद वाचणारी मीच. त्यामुळे ती समजली — वाईट कागद आला होता, मी वाचला आणि लपवला. संध्याकाळी पांढऱ्या कपाळानं माझ्याजवळ आली, माझी पाठ चोळू लागली. "पोटुशी असून एकटीच सोसायलीस व्हय गं? मला कामून न्हाई सांगितलंस?"

अण्णांनी कागद मागितला. मी म्हणाले, चुलीत घातला. त्यांनी आजोबांचे दिवस केले.

आजोबांचं काय झालं, ते कधीच कळलं नाही. अव्वा पुढं अकरा वर्षं जगली. दर पितृपक्षात अण्णा आजोबांचं पान ठेवायचे. कावळा लवकर शिवला नाही की अव्वा हात जोडायची, "रागावलेत. ते गेल्यावरबी मी कुंकू लावत बसले."

मी तिच्या शेजारीच असायचे. कागद आलाच नव्हता, हे एकदाही बोलले नाही.