अक्काची अर्धी गोळी

नांदेडला गाडीतून उतरले ती आधी गोदावरी बघायला गेले. पेपरात दुष्काळ वाचणं वेगळं आणि नदीत म्हशी जेमतेम खूर भिजवून उभ्या दिसणं वेगळं. "औंदा माय लई वाळली, मॅडम," रिक्षावाला हळूच म्हणाला.

मी किडनीरोपण आणि हार्मोनच्या विकारांवर संशोधन करते. लातूरजवळच्या मुरुडच्या गौतममास्तरांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, किडनी दिली होती. काही महिन्यांनी मास्तर तपासणीला यायचे बंद झाले. म्हटलं, पेशंट पुण्याला येईना तर आपणच जावं.

नांदेडचं काम आटपून एस.टी.नं लातूर गाठेपर्यंत धुळीनं माझे केस पिकले. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, जिकडेतिकडे नव्या पाट्या. "जिल्हा झाला खरा, पण नळाला कुणी सांगितलंच न्हाई!" शेजारची बाई म्हणाली आणि अख्खी एस.टी. हसली.

तिथून जीपनं मुरुड. अक्का दारातच उभी. "या डॉक्टरीणबाई! कवाधरनं वाट बघायलोय." तिचे गाल छान गोल झाले होते. "अक्का, तब्येत सुधारली की!" मी कौतुक केलं. येसरची आमटी (भाजक्या डाळी-मसाल्याच्या पुडीची) आणि भाकरी मी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मास्तरांनी अडकित्ता काढला. मला वाटलं, सुपारी. त्यांनी त्यात गोळी धरून कातरली, अर्धी स्वतः घेतली, अर्धी अक्काच्या हातावर ठेवली.

"अहो, हे काय?"

"काय म्हंजे?" अक्का म्हणाली. "दोघांत किडनी वाटून घेतली. त्याला एक, मला एक. मग गोळी त्यानं एकट्यानं खावी व्हय?"

माझं डोकंच फिरलं. ते गोल गाल गोळीतल्या हार्मोनचे होते, आणि मी कौतुक करत बसले होते! "मास्तर, शिकलेले ना तुम्ही? अक्काची किडनी परकी समजून तुमचं शरीर तिला हाकलून देईल. त्याला आवरते ती ही गोळी. अर्धीला ते जुमानत नाही!"

अक्कानं पदर तोंडाला लावला. "म्हंजे मीच त्याच्या तोंडचं औषध खाल्लं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचीही गोळी एकदम बंद करता येत नव्हती. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं करायला विसरतं. तिला वेगळ्या गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करायच्या.

सकाळी तिघं लातूरला गेलो, मास्तरांचं रक्त तपासायला दिलं. अक्का बाकावर डोळे मिटून बसली. पाण्यालाही शिवली नाही. संध्याकाळी रिपोर्ट वाचला आणि माझाच जीव भांड्यात पडला.

"अक्का, किडनी रुसलीय. पण नांदतेय अजून."

"नांदंल की," अक्का डोळे पुसत म्हणाली. "माझी हाय ती. मास्तर, आजपासनं अख्खी गोळी खायाची. माझ्याकडं बघायचं न्हाई."

परतीच्या गाडीत मला तेच आठवत राहिलं. त्या घरात एकट्यानं बरं व्हायची रीतच नव्हती, आणि ती मोडायला सांगून मी आले होते. जीव वाचवायला ते सांगणं भागच होतं. पण निघताना मास्तरांनी अख्खी गोळी घेतली, तेव्हा अक्काचा हात सवयीनं पुढे आला होता.