पीटी ग्राउंडवरची खुर्ची

आमच्या पलटणीला वर जाण्याचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो आणि पीटीचा उस्ताद. वर म्हणजे अकरा हजार फूट. नव्वदच्या दशकाची सुरुवात, ऑक्टोबर महिना. निघायला आठ दिवस दिले होते.

हे इतक्या वर्षांनी लिहायला बसलो ते बालाजी घाटावरच्या आमच्या मंडळींमुळे. सुभेदार म्हणून रिटायर होऊन मी बनारसच्या घरी परत आलो. इथल्या आपल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. बँकेतली अनघा तारे, युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले लिमये, रेल्वेतले तिघे. त्यांना मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जायचंय. फौजेतला माणूस गल्लीतच सापडला म्हणून तयारी माझ्याकडे आली. रोज सकाळी साडेपाचला मी त्यांना घाटाच्या पायऱ्या चढवतो आणि उतरवतो. पाठीवर सामान, आणि चढताना बोलता आलं पाहिजे इतकाच वेग. एके दिवशी अनघाने विचारलं.

"काका, हा तर स्टॅमिना झाला. पण वर जाऊन टिकायला अजून काय लागतं?"

उत्तर मला येत होतं. पण "कल बताऊँगा," म्हणालो आणि शिट्टी वाजवली.

तर ती पलटण. पीटी ग्राउंडच्या कडेला मी एक खुर्ची ठेवायचो. लोखंडी, घडीची, हिरवा रंग उडालेली. सिक रिपोर्ट केलेल्या, म्हणजे आजारी म्हणून नाव नोंदवलेल्या जवानाला पीटी माफ असते. तो नियम आहे, त्यात मला बोलायला जागा नव्हती. मग मी खुर्ची काढली. ज्याने सिक रिपोर्ट केला त्याने त्या खुर्चीवर बसायचं, गुडघ्यांवर कांबळं घ्यायचं, आणि सगळी कंपनी त्याच्यासमोरून पळणार. प्रत्येक फेरीला एकच सवाल, "आजोबा, तब्येत कशी आहे?" पोरं खदाखदा हसायची. सिक रिपोर्टचं रजिस्टर हळूहळू कोरं राहू लागलं. कंपनी कमांडरांनी माझी पाठ थोपटली. मी फुशारलो, हे कबूल करतो.

लान्स नायक सदाशिव खोत त्या खुर्चीवर कधी बसला नाही. कोल्हापूरकडचा गडी, वय सव्वीस. पलटणीत क्रॉस-कंट्रीला कायम पहिला. सुट्टीवर गेला की चार दिवस घरी आणि बाकीचे दिवस गडकिल्ल्यांवर. सोबत एक जुना कॅमेरा. फौज सुटली की पोरांना डोंगर दाखवत हिंडायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. खुर्चीवर कोणी बसलं की पहिला आवाज खोतचाच असायचा.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीत सामान भरणाऱ्या पार्टीचा कमांडर खोत होता. यादी त्याच्या हातात. खुर्ची स्टोअरमध्येच राहिली, कारण वर पीटी होणार नव्हती.

वर पोचल्यावर पहिले सहा दिवस शरीराला हवेची सवय करायची असते. दोन दिवस पूर्ण आराम. नंतर थोडं थोडं चालणं. पळणं बंद, ओझं बंद. माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती. रोज सकाळी सातला नर्सिंग असिस्टंट तंबूतंबूत फिरायचा.

"सिरदर्द? खाँसी? नींद आई?"

"ठीक है." सगळ्यांचं एकच उत्तर. मीही तेच दिलं. माझं डोकं दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता पहिलं चालणं निघालं. सपाट रस्ता, जेमतेम दीड किलोमीटर. वळून पाहिलं तर खोत सगळ्यांच्या मागे. असं कधी झालं नव्हतं. मी थांबलो.

"काय रे, मागे?"

"फोटू काढत हुतो, उस्ताद."

मला पटलं. दुपारी त्याच्या तंबूत डोकावलो तर कॅमेरा उशाशी, चामड्याच्या पाकिटात, बटण लावलेला. सकाळी त्याच्या हातात कॅमेरा होता की नव्हता? आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. आजही आठवत नाही.

संध्याकाळी पाचला चहा. खोत जेरीकॅनवर बसला होता आणि मधूनमधून खोकत होता. कोरडा खोकला. मी चहाचा मग घेऊन त्याच्या समोर उभा राहिलो. त्याने वर पाहिलं.

"उस्ताद, ती खुर्ची आणली का वर?"

मी हसलो. आजूबाजूचे सगळे हसले.

"तुझ्यासाठी खास हेलिकॉप्टरने मागवतो," मी म्हणालो.

तोही हसला. मग खोकला. अर्धा चहा त्याने जमिनीवर ओतला. ते मी पाहिलं. खोत चहा टाकणारा माणूस नव्हता. तेव्हा मनात काही आलं होतं का? आलं होतं असं कधी वाटतं. कधी वाटतं, हे सगळं मी मागाहून जुळवलंय. माझं मलाच सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पाच वीसला त्याच्या तंबूतून हाक आली. मी पोचलो तेव्हा खोत उठून बसलेला होता, कारण आडवं पडलं की श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे. तोंडाशी गुलाबी फेस. छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. नर्सिंग असिस्टंटने ऑक्सिजन लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. डॉक्टर चौदा किलोमीटर खाली होते. मी रेडिओ घेतला.

"टायगर, चार्ली बोल रहा हूँ. एक केस. फेफड़ों में पानी. ओव्हर."

"चार्ली, फौरन नीचे उतारो. ओव्हर."

"रोड बंद है. स्लाइड आई है. ओव्हर."

"स्ट्रेचर पर लाओ. स्लाइड के पार ॲम्ब्युलन्स मिलेगी. आउट."

पाच चाळीसला निघालो. आठ जण, चार-चार आळीपाळीने. स्ट्रेचरचा पुढचा डावा दांडा माझ्याकडे होता, तो मी बदलू दिला नाही. खोतशी बोलत होतो. तो ऐकत होता का, माहीत नाही. सात पन्नासला नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "रुको." कोसळलेली दरड समोर दिसत होती. पलीकडे ॲम्ब्युलन्सचा दिवाही दिसत होता.

चौकशी झाली. नर्सिंग असिस्टंटच्या रजिस्टरमध्ये तिन्ही दिवस खोतच्या नावापुढे 'ठीक' लिहिलेलं होतं. जवानाने कोणतीही तक्रार केली नव्हती, असा जबाब मी दिला आणि खाली सही केली. त्यात खोटं काही नव्हतं. खुर्चीबद्दल कोणी विचारलं नाही.

महिन्याभराने त्याचे वडील अस्थी घेऊन काशीला आले. मी रजा काढून आलो होतो. ते आमच्याच घरी उतरले. माझे थोरले बंधू भिक्षुकी करतात, त्यांनी मणिकर्णिकेवर सगळे विधी सांगितले. नंतर म्हातारबाबा पायरीवर बसले.

"साहेब, शेवटी काय म्हणाला वो आमचा सदा?"

"ठीक आहे म्हणाला."

"तसाच हुता त्यो. कधी काय सांगायचा न्हाई."

सांगायचा, बाबा. एकदा सांगितलं होतं बहुतेक. हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि त्याची लाज वाटते. आता ते हयात नाहीत.

अनघाने विचारल्यानंतरच्या आठवड्यात मी चौकातून एक घडीची खुर्ची विकत आणली आणि घाटाच्या वरच्या पायरीवर मांडली. पायऱ्यांना हात लावण्याआधी प्रत्येकाने तिच्यावर बसायचं आणि काय दुखतंय ते मोठ्याने सांगायचं. पहिला मी बसतो. डावा गुडघा. झोप कमी. थोडी चक्कर. कोणी हसायचं नाही, एवढाच हुकूम आहे.

"सुभेदारसाहेब, हे तर अस्पताल झालं," लिमये म्हणाले. पण बसले, आणि ब्लड प्रेशरची गोळी दोन दिवस विसरल्याचं सांगितलं.

अनघा सगळ्यांत तयारीची. रोज बसायची, "एकदम फिट" म्हणायची आणि उठायची. गेल्या सोमवारी बसली ती उठलीच नाही.

"काका, परवापासून चढताना छाती भारी वाटते. सांगू की नको, असं झालं होतं. सबके सामने... ट्रेक हातचा जाईल ना."

तिला तिथूनच डॉक्टरकडे नेलं. तपासण्या चालू आहेत. मेमध्ये जायला मिळेल की नाही, सांगता येत नाही. ती थोडी रुसली आहे. रुसू दे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं असं समजतो. माझ्या प्रश्नाचं मला अजून मिळालेलं नाही. घाटावर सगळे गेले की मी खुर्ची मिटण्याआधी परत एकदा बसतो आणि तीच संध्याकाळ पहिल्यापासून मोजतो. पाच वाजले होते. खोत जेरीकॅनवर होता. चेष्टा केली असेल त्याने, आमच्यात चेष्टा चालायचीच. पण गाडीत सामान त्यानेच भरलं होतं आणि यादी त्याच्याच हातात होती. खुर्ची वर आलेली नाही, हे पलटणीत सर्वांत आधी त्याला माहीत होतं.

तरी लान्स नायक सदाशिव खोतने मला विचारलं.