आईची एक रिंग

आमच्या घरात फोन उचलायचा नसतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण गेली वीसेक वर्षं आमच्याकडे हाच कायदा आहे. कुठेही पोचलं की एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे खुशाल. वडील गेले आणि आई काचीगुड्याच्या घरात एकटी राहू लागली, तेव्हापासून रोज सकाळी पूजा आटोपली की तिची रिंग माझ्या फोनवर येते. चुकून मी उचललाच, तर बाईसाहेबांना राग येतो.

मागच्या वर्षी तिला चिक्कडपल्लीच्या बाजारात चक्कर आली. भाजीवालीने खाली बसवलं, पाणी पाजलं, आणि आईने ही बातमी मला चार दिवसांनी दिली. मी भडकले. मी नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे भडकण्याचा सराव दांडगा आहे. त्या रविवारी तिचा फोन घेऊन बसले. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की आपल्या माणसाला फोन लागतो आणि ती कुठे आहे त्याचा मेसेज जातो, अशी सोय त्यात होती.

आपली माणसं कोण, इथे गाडी अडली. मी आधी शेजारच्या तेलुगू बाईंचा नंबर घातला, कारण त्या भिंतीपलीकडेच राहतात. आई म्हणाली, ''नक्को. पोरं विचारत नाहीत म्हणतील लोकं.'' मग अमेरिकेतल्या भावाचा घातला. तोही काढायला लावला. तो तिथून काय करणार, नुसता परेशान होईल, असं तिचं म्हणणं. शेवटी यादीत मी एकटी उरले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आईचं आपल्यावाचून अडतं, हे कुणाला आवडत नाही?

मग मी तिचा सराव घेतला. ती बटण दाबायची, माझा फोन वाजायचा, आणि एक रिंग झाली की ती आपणहून कापायची. मी शाब्बास म्हणायचे. असं आम्ही दहा वेळा केलं. फोन ठेवायला मी तिला गळ्यात अडकवायची कापडी पिशवीही शिवून दिली.

तो दिवस संकष्टीचा होता. संकष्टीला तिची आवर्तनं लांबतात, रिंग उशिरा येते, हे मला माहीत होतं. तरी साडेदहा वाजून गेले तेव्हा जीव थोडा वरखाली होऊ लागला. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढत होते. टेबलावर फोन थरथरला, आईचं नाव दिसलं, आणि एका रिंगमध्ये थांबला. आली एकदाची, असं मी मनात म्हटलं. पाठोपाठ एक मेसेज आला. दिवसभर बँकेचे आणि दुकानांचे मेसेज येतच असतात, म्हणून मी तो उघडला नाही. हलक्या मनाने तो त्रिकोण पुरा केला आणि मुलांना चार उदाहरणं घातली.

मेसेज उघडला तो पाऊण वाजता, डब्याच्या सुट्टीत. मदत हवी आहे, असं एक वाक्य होतं आणि खाली काचीगुड्याच्या घराची जागा दाखवणारा नकाशा. वेळ दहा चाळीसची. मी फोन लावला, तो तिने उचलला नाही. रिक्षात बसून पुन्हा पुन्हा लावत राहिले. घर पंधरा मिनिटांवर आहे. रिक्षावाल्याला चलो भैया, चलो, म्हणण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आई स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवी पडली होती. पाय वाकडा झाला होता, ओठ सुकले होते. पिशवी गळ्यातच होती आणि फोन आत वाजत होता. ती शुद्धीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ''आलीस? शाळा सुटली का?''

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण या वयात पहिल्यासारखं चालणं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन तास लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच विषय काढला. पडल्यावर पाच वेळा बटण दाबलं, रिंग गेली, मग सवयीने कापली. कापल्यावर ध्यानात आलं, पण तोवर मेसेज गेला असेल, तू येशील, म्हणून वाट बघत पडून राहिले, असं तिने सांगितलं. शेजारच्या बाईंना हाक का नाही मारलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ''तुला कळवलं होतं की. मंग त्यांना कायको?''

सांगावं असं फार वाटत होतं, की मी ती रिंग पाहिली, आणि पाहून मला बरं वाटलं. तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्या हातावर हात ठेवला.

''तुझ्या शाळेत नेटवर्क नसंल,'' ती म्हणाली.

''हौ आई,'' मी म्हटलं. ''नव्हतं.''

आता ती माझ्याकडे राहते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पडल्याची हकीकत सांगते, आणि शेवटी न चुकता सांगते की पोरगी तेव्हाच धावत आली असती, पण त्या शाळेत नेटवर्कच नाही. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी असते. पाहुणे माझ्याकडे बघतात, आणि मी मान डोलावते.