होडीला चिकटून आलेलं

संबोधी इंगळे इंदूरमधल्या एका विमा कार्यालयात नुकसानीचे दावे तपासण्याचं काम करते. जन्म आणि शाळा महूची. आजोबा फौजेत होते, वडील टेलिफोन खात्यात. पोहायला तिला वडिलांनीच शिकवलं, तेही विहिरीत, कमरेला दोर बांधून. नवरा स्वप्निल रत्नागिरीचा. नोकरीसाठी पीथमपूरच्या कारखान्यात आला आणि इकडचाच झाला. बडा गणपतीजवळ ते राहतात. ती "मी स्वैपाक करून राहिले" असं इंदुरी वळणाने म्हणाली की त्याला अजून हसू येतं, आणि तो मासे आणायला निघाला की तिला.

होडीचं वेड तिला दौलतरावांमुळे लागलं. दौलतराव त्यांच्याच गल्लीतले, वीज मंडळातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांनी भोपाळहून एक जुनी शिडाची होडी आणली होती. ती चालवायला दोघं लागतात. एक सुकाणूवर आणि दुसरा पुढे, शिडाच्या दोरावर. दौलतरावांनी गल्लीत बऱ्याच जणांना विचारून पाहिलं, कोणी तयार झालं नाही. संबोधी एका रविवारी सहज म्हणून गेली आणि मग जातच राहिली.

हातोदच्या पुढे सेमल्या नावाचं गाव आहे. तिथल्या तलावात त्यांची होडी असायची. तलावातली मासेमारी गावातल्या केवटांच्या, म्हणजे तिकडच्या कोळ्यांच्या, समितीकडे आहे, आणि भेरूलाल हे समितीचे अध्यक्ष. त्यांनी होडीला काठावर जागा दिली. तिथे पाण्यात उतरणारा एक दगडी उतार आहे, त्याच्या शेजारी.

या दोघांचे होडीचे काही कायदे होते. इंजिन लावायचं नाही. पाणडुब्या घरटी करतात त्या गवताकडे होडी न्यायची नाही. खाण्यापिण्याचे कागदसुद्धा परत घरी न्यायचे. तलावावर सहलीला आलेल्या मंडळींनी पत्रावळी पाण्यात फेकल्या तर दौलतराव होडी वळवून त्यांच्यापर्यंत जायचे आणि त्यांना बोलायचे. संबोधीला तेव्हा जरा अवघड वाटायचं, पण आतून बरंही वाटायचं. आपण पाण्यावर येतो आणि मागे काही ठेवत नाही, असा तिचा समज होता.

एका मार्चमध्ये निमाडातल्या एका मोठ्या धरणावर शिडाच्या होड्या चालवणारी मंडळी जमणार होती. दौलतरावांना कोणीतरी बोलावलं. जीपच्या मागे ट्रेलर जोडून, त्यावर होडी बांधून ते दोघं गेले. तिथलं पाणी अफाट, वाराही चांगला. काठाला मात्र जलपर्णीचा जाड पट्टा होता, जांभळ्या फुलांचा. त्यातून ढकलत ढकलतच होडी आत न्यावी आणि बाहेर काढावी लागली. संध्याकाळी दमून त्यांनी ती ट्रेलरवर चढवली, वर ताडपत्री टाकली आणि परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओल्या ट्रेलरवरून सेमल्याच्या पाण्यात उतरवली. त्यात काही चूक आहे असं दोघांच्याही मनात आलं नाही.

एप्रिलमध्ये जयंतीला महूत फार गर्दी असते, माहेरची सगळी माणसं पाणी वाटायला उभी असतात, म्हणून ती तिकडे गेली. मग उन्हाळा वाढला, तलाव आटत गेला, होडी काठावर उपडी पडून राहिली. पावसाळ्यात तर ते कधीच जात नसत.

पाऊस ओसरल्यावर ते पुन्हा गेले तेव्हा उताराशेजारच्या खाचेत हिरवी साय धरल्यासारखं दिसत होतं. पुढच्या वेळी ती खाच भरली होती. दसऱ्याच्या सुमाराला तलावाचा तो सगळा कोपरा जलपर्णीने झाकला गेला, केवटांची जाळी त्यात अडकून फाटायला लागली आणि झाकलेल्या भागात मेलेले मासे वर येऊ लागले.

गावाने याचं कारण लगेच शोधलं. तलावाच्या वरच्या अंगाला अशोक पाटीदार नावाच्या शेतकऱ्याचं छोटं तळं होतं. त्यात तो कमळं लावायचा आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी इंदूरच्या बाजारात विकायचा. रोपं बाहेरून आणायचा. पावसात त्याचं तळं भरलं की जादा पाणी ओहोळाने तलावात येतं. म्हणजे ही जलकुंभी (जलपर्णीला तिकडे असंच म्हणतात) त्याच्याकडूनच आली, असं ठरलं. त्याने शपथा घेतल्या, तळं दाखवलं, त्यात जलपर्णीचं एक पानही नव्हतं. लोक म्हणाले, तू आधीच काढून टाकली असशील. दिवाळीच्या थोडं आधी एका सकाळी अशोक तळ्यावर गेला तर बांध फोडलेला होता. पाणी वाहून गेलं होतं आणि कमळं चिखलात आडवी पडली होती. हे कोणी केलं ते कळलं नाही, किंवा कळूनही कोणी बोललं नाही.

संबोधीने ही हकीकत भेरूलालकडून ऐकली. वाईट झालं, असं ती म्हणाली. पण जलपर्णी अशोकच्याच तळ्यातून आली यावर तिचाही विश्वास होता.

दिवाळीला ती आणि स्वप्निल रत्नागिरीला गेले. स्वप्निलच्या गावाजवळच्या खाडीत शैलजा नावाची एक बाई वल्ह्यांच्या लहान होड्या चालवते. इंजिन नाही, एका होडीत दोन माणसं, खारफुटीच्या कडेकडेने फिरवून आणायचं. संबोधीने त्या होड्या पाहिल्यावर तिला राहवेना. दोघं सकाळीच पोहोचले. शैलजाबाई तेव्हा एक होडी उलटी करून गोड्या पाण्याने धूत होत्या. नुसतं पाणी ओतून त्या थांबल्या नाहीत. सांध्यासांध्यातून ब्रश फिरवला, दोराची गाठ सोडून तीही झटकली. मग संबोधीला चपला दाखवायला सांगितल्या. तळाला वाळलेला चिखल होता. तोही धुवायला लावला.

इतकं कशासाठी, असं संबोधीने विचारलं.

"ही होडी काल दुसऱ्या खाडीत होती," शैलजाबाई म्हणाल्या. "तिथलं काय काय हिच्या पोटाला लागलं असेल, मला दिसणार थोडंच? शिंपल्याची पिल्लं असतात, शेवाळ असतं. ते इथे सुटलं तर इथल्या कालवांना जागा उरत नाही."

"पण समुद्र तर सगळीकडे एकच ना?"

"एकच आहे. भरतीने जे यायचं ते येऊ दे. माझ्या हाताने आणून सोडायचं नाही, एवढंच मी बघते."

संबोधी होडीत बसली, वल्हं हातात घेतलं, पण तिचं लक्ष लागेना. खारफुटीत खंड्या बसला होता, तो स्वप्निलने दाखवला, तिने नुसतं हं केलं. तिला मार्चमधली ती संध्याकाळ आठवत होती. अंधारात, घाईने ट्रेलरवर ओढलेली होडी. रोज ती लोकांना हेच विचारते, की नुकसान झालं त्याच्या आधी नेमकं काय घडलं होतं. स्वतःच्या बाबतीत तिने ते विचारलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर तिने स्वप्निलला सांगितलं. तो म्हणाला, खात्री करून घे, मग काय ते ठरव.

इंदूरला आल्यावर ती सरळ दौलतरावांच्या अंगणात गेली. ट्रेलर तिथेच उभा असायचा. होडीचं बूड ज्या रबरी चाकांवर टेकतं त्यांच्या फटीत तिने स्क्रूड्रायव्हर घालून पाहिलं. वाळलेल्या मुळांचा गुंता निघाला, आणि त्यातच एक फुगीर देठ, जलपर्णीला असतो तसा, सुकून तपकिरी झालेला.

दौलतराव बाहेर आले. तिने तो देठ त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"याने काय साबित होतं?" ते म्हणाले. "ट्रेलरमध्ये अडकलेलं ट्रेलरमध्येच राहिलं ना."

"काका, जलकुंभी उताराजवळूनच सुरू झाली. ओहोळ तर पार दुसऱ्या टोकाला आहे. अशोकच्या तळ्यातून आली असती तर पहिले तिकडे दिसली असती."

"असं तुला वाटतं."

"तुम्हाला नाही वाटत?"

दौलतरावांनी देठ ट्रेलरच्या कडेवर ठेवला. मग म्हणाले, "बेटा, इतकी वर्षं मी त्या तलावाला कचऱ्यापासून जपलं. लोकांशी भांडलो. आता मीच जाऊन सांगू, की हे मी केलं?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते. पण आपण दोघांनी केलं असंच सांगेन."

"तुझी मर्जी," असं म्हणून ते आत गेले.

समितीची माणसं रविवारी काठावरच्या कडुलिंबाखाली बसतात. संबोधी तिथे गेली. स्वप्निल बरोबर आला होता, पण तो गाडीपाशीच थांबला. तिने उभ्यानेच सांगितलं. निमाडातलं धरण, तिथली जलपर्णी, न धुतलेला ट्रेलर, उतार. वाळका देठ तिने सगळ्यांपुढे ठेवला. माझी आणि दौलतरावांची चूक आहे, अशोकजींचा यात काही हात नाही, असं ती म्हणाली.

एक जण म्हणाला, होडी इथेच जाळून टाका. दुसरा म्हणाला, शहरवाल्यांना काठ दिला तीच आपली गलती. तिने दोन्ही ऐकून घेतलं. भेरूलाल तो देठ बोटांनी चुरत होते.

"आप नी बताता तो किसी को मालूम नी पड़ता," ते म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "वही सोच के आई हूं."

भेरूलाल उठले. होडीचं नंतर बघू, आधी अशोककडे जायचं, असं त्यांनी सांगितलं. चौघं-पाचजण निघाले, संबोधीही गेली.

अशोक गोठ्यात होता. भेरूलालनी थोडक्यात सांगितलं आणि हात जोडले. अशोकने सगळं ऐकून घेतलं. मग तो संबोधीकडे नाही, समितीच्या माणसांकडे बघून म्हणाला, "ये तो बैनजी ने बता दिया। बांध किने फोड़ा, वो कौन बताएगा?"

अशोकने त्यांना बसा म्हटलं नाही आणि चहाही विचारला नाही. पण त्याच आठवड्यात केवटांनी जाऊन बांध पुन्हा घातला. अशोक बांधावर उभा राहून बघत होता, मदतीला आला नाही, आणि त्याने अडवलंही नाही.

जलपर्णी काढायला सगळा हिवाळा गेला. आधी पसरलेल्या भागाला दोराचा वेढा घातला, म्हणजे वाऱ्याने ती पुढे सरकू नये. मग ट्रकच्या ट्यूबवर बसून केवट ती ओढून काठाशी आणायचे आणि काठावरची माणसं दाताळ्याने वर घ्यायची. वर म्हणजे पाण्यापासून लांब, चढावर, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा आत जाते. संबोधी दर रविवारी जायची. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओढायची. ही झाडं वजनाला किती जड असतात हे तिला तेव्हा समजलं. सुरुवातीला तिच्याशी कोणी विशेष बोलत नसे. थंडी वाढली तसं तिला शेकोटीजवळ बोलवायला लागले. ऑफिसमधल्या कोणाला हे तिने सांगितलं नाही, हातांवरचे ओरखडे पाहून कोणी विचारलं तर ॲलर्जी झालीय म्हणायची.

दौलतराव आले नाहीत. जानेवारीत त्यांनी स्वप्निलच्या हाती निरोप पाठवला, की होडी आता तिचीच समजावी, त्यांचे गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखत होते. पण ते कारण नव्हतं, हे तिला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. याचं तिला फार वाईट वाटलं. वडील गेल्यानंतर तिला कोणी काही शिकवलं असेल तर ते त्यांनीच. गल्लीत भेटले की ते तब्येत विचारतात, तलावाचं नाव काढत नाहीत.

होडीचा निर्णय समितीने उन्हाळ्यात केला. होडी राहू दे, पण ती या तलावातून दुसरीकडे जाणार नाही आणि बाहेरची कोणतीही होडी, ट्यूब किंवा जाळं धुऊन आणि उन्हात वाळवून झाल्याशिवाय इथे उतरणार नाही. तपासायचं काम संबोधीवर टाकलं. तिने ते घेतलं. हौशी लोक आता कधीकधी आपल्या हवा भरून फुगवायच्या होड्या घेऊन येतात. ती त्यांना थांबवते, घड्या उलगडून दाखवायला सांगते. काही ऐकतात, काही चिडून निघून जातात. दौलतरावांसारखी ती कोणाला रागावत नाही. आमच्याच होडीतून काय आलं होतं, ते सांगते. बहुतेकांना तेवढं पुरतं.

तलाव पूर्ण साफ झालेला नाही. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. दर पावसानंतर उताराच्या खाचेत नवी रोपं येतात आणि संबोधी आणि भेरूलाल कडेने फिरून ती उपटतात. पाणडुब्यांची घरटी मात्र यंदा त्या कोपऱ्यातही दिसली. शिडाच्या दोरावर आता स्वप्निल असतो. समुद्रकाठचा असून त्याला वारा समजत नाही, असं ती त्याला म्हणते, आणि त्यावर त्यांचं दर वेळी भांडण होतं.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती बांधावरून जात असताना अशोक कमळं काढत होता. आधीच्या मानाने थोडी होती, पण होती. तिने विकत मागितली. त्याने पानात गुंडाळून दिली आणि बाजारात जो भाव होता तोच घेतला. ती निघाली तेव्हा त्याने मागून विचारलं, उद्या जलकुंभी उपटायला सकाळी किती वाजता जाणार आहात.