मधून न कापलेला गालिचा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताडकळसच्या बाजारात मिरच्या निवडत होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. आता बरेच आठवडे झाले, पण आठवण आली की मला आधी हसूच येतं...

आमच्या घरात एक जुना इराणी गालिचा आहे. आजेसासऱ्यांना हैदराबादच्या एका जहागीरदाराने भेट दिलेला. लाल रंग मंजिष्ठेच्या मुळ्यांचा, निळा निळीचा, मधोमध मोठं फूल, आणि सगळं हाताने एकेक गाठ मारून विणलेलं. पाहुणे आले की अक्का त्याचा कोपरा उलटून दाखवायच्या. "वरून कुणीबी बघंल, मागून बघा." मागेही नक्षी तितकीच स्वच्छ. एका कडेला निळा पट्टा जरा फिका आहे. त्यावर अक्का म्हणायच्या, "हितं बाईचा रंग संपला असंल. दुसऱ्या दिशी नवा कालवला, पर तसा जमला न्हाई. आपल्या कालवणावाणी."

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा शेत, बैल, भांडी सगळं गुमान वाटलं गेलं. अडलं ते गालिच्यापाशी. शेवटी माझे मालक कात्री घेऊन आले, मधून कापू म्हणाले. मोठ्यांसमोर बोलायची माझी कधी हिंमत नव्हती. अक्का पुढे झाल्या आणि त्या फुलावर मांडी घालून बसल्या.

"वहिनी, उठा. वाटणी म्हंजी वाटणी."

"कापा की भावजी, माझ्यासकट कापा. सैपाक कोन्ती अर्धी करंल तेवढं आधी ठरवा."

थोरले दीर हसू दाबत बाहेर गेले. मालक मात्र तसेच उभे. मी जाऊन अक्कांच्या शेजारी बसले. त्यांनी सरकून जागा दिली. "लय बरं झालं. आता दोघींला उचला." तेव्हापासून दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत गालिचा आमच्याकडे, पुढे त्यांच्याकडे; ने-आण आम्ही दोघी जावाच करायचो.

या दसऱ्याला पुतण्या तो घेऊन आला. अंथरून झाल्यावर म्हणाला, "काकू, आता हितंच राहू द्या. आई न्हाई, ने-आण कोण करणार?"

मी त्याच्याशीही कधी फार बोलले नव्हते. पण म्हणाले, "न्हाई. पाडव्याला न्यायला ये. बायकोला संगं आण. ह्यो दोघींनी धरून न्यायचा असतो."

तो "बरं" म्हणाला आणि चहा येईपर्यंत गालिच्यावरच बसला.