आत्याची उलटी लढाई

माझी आत्या आमच्या लॉजवर पंधरा दिवसांसाठी आली होती, त्याला आता अकरा वर्षं झाली. येताना तिने एकच बॅग आणली होती. त्यातली अर्धी बॅग गरम पाण्याच्या पिशव्यांनी भरलेली होती, कारण खेड्यात थंडी फार असते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्याआधी एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, कोण कुणाला शोधतंय ते ऐकायचं आणि जोडून द्यायचं. त्यामुळे तिचे कान असे तयार झाले होते, की एकदा ऐकलेला आकडा, नाव किंवा भांडण ती जन्मात विसरत नसे. आवाजही तसाच. स्वयंपाकघरातून तिने "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं, की तळ्यातल्या होडीत बसलेले पाहुणे दचकून "आम्ही, आम्ही" म्हणायचे.

आमचं लॉज म्हणजे बारा खोल्या, एक लांबलचक पडवी आणि मागे उंचवटा. उंचवट्यावर उभं राहिलं, की समोर मोठं कुरण दिसतं. डाव्या अंगाला टेकाड, उजव्या अंगाला तळं, मधून ओढा. दोनशे वर्षांपूर्वी या कुरणात एक लढाई झाली. एका बाजूचे निळे डगले घालायचे, दुसऱ्या बाजूचे तांबडे. लढाई एका सकाळीच आटोपली, पण तिच्या जिवावर आमचं लॉज चालतं. सकाळी रणभूमीची फेरी, दुपारी बाकीचं. बाबा होड्या आणि दोरीवरून ओढा ओलांडायचा खेळ सांभाळायचे, आई खोल्या आणि जेवण, आणि धनुष्यबाण माझ्याकडे. मी पाहुण्यांना नेम धरायला शिकवते. खरं तर नेम नंतर येतो, आधी बाण कुणाच्या अंगावर जाणार नाही एवढं शिकवते.

फेरी मेजर घ्यायचे. हे खरेखुरे निवृत्त सैनिक, मिशा, काठी, सगळं जिथल्या तिथे. फक्त गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे ते उंचवट्यावरून खाली उतरत नसत. तिथेच उभे राहून काठीने दाखवत आणि पाऊण तासात लढाई संपवत. त्यांचं शब्द न् शब्द ठरलेलं होतं. आम्ही घरातल्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की कधीच नीट ऐकलं नव्हतं.

आत्याने मात्र ऐकलं. ती भाजी चिरायला बसायची त्या कोठीच्या खोलीला वर एक झरोका होता. त्यातून काही दिसत नसे, पण मेजरांचा आवाज स्वच्छ यायचा. दोन महिन्यांत सगळी लढाई तिला पाठ झाली. कोण कधी खोकलं तेसुद्धा.

मग मेजरांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि ते लेकीकडे राहायला गेले. बाबांनी बदली माणूस शोधतो म्हटलं. बाबांचं शोधणं म्हणजे खुर्चीत बसून "कुणीतरी मिळेलच" म्हणणं. चौथ्या दिवशी दारात तीस माणसांची बस उभी राहिली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा, बाजूला हो," आत्या म्हणाली. तिने बैठकीतल्या खिडकीचा पडदा ओढून काढला, त्याची दांडी हातात घेतली आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला. पायात चांगले जोडे नसतील त्यांनी आत्ताच सांगा, नंतर कुरकुर चालणार नाही."

ती त्यांना उंचवट्यावर घेऊन गेली आणि तिथे न थांबता खाली कुरणातसुद्धा उतरवलं. तीस माणसं तिच्यामागे ओढ्यातून चालली. दोघांचे जोडे चिखलात राहिले. परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर निळे आणि तांबडे असे तट पडले होते आणि एक वयस्कर बाई डोळे पुसत होत्या. तांबड्यांचा ढोलवाला त्यांच्या मनाला लागला होता. सोळा वर्षांचा पोरगा, गोळी लागली तरी हात थांबेना, अशी ती हकिकत. मेजर ती एका वाक्यात सांगायचे. आत्याने त्याला तोंडभर बोलायला लावलं होतं.

त्यानंतर बदली माणूस शोधायचा विषयच निघाला नाही. तिला सगळे सेनापती आत्या म्हणायला लागले. लोक तिच्या फेरीसाठी म्हणून येऊ लागले. टेकाडाखालच्या मोठ्या झाडापाशी, जिथे ढोलवाला पडला, तिथे ती सगळ्यांना गप्प उभं करायची. कुणी रानफुलं तोडून ठेवायचं. आणि फेरीतला सगळ्यात लाडका प्रसंग होता निळ्यांच्या घोडदळाचा. तो असा जन्मला, की एकदा शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने विचारलं, "पण तिकडे तर तळं आहे. तळ्याकडून घोडे कसे आले?"

आत्याने तळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पोहत."

मुलांनी टाळ्याच वाजवल्या. पुढच्या फेरीपासून घोडे पोहायला लागले. महिन्याभरात ते नाकपुड्या फुलवून पोहत होते, आणि वर्षभरात स्वारांनी बंदुका डोक्यावर धरल्या होत्या.

असं तीन वर्षं चाललं.

मग एके दिवशी एक नवरा-बायको आले. त्यांतले गृहस्थ निवृत्त नकाशाकार. आयुष्य जमिनीची मापं कागदावर उतरवण्यात गेलेलं. अतिशय हळू बोलणारे. फेरीभर ते काही बोलले नाहीत. घोडे पाण्यात उतरले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं होतं, पण बायकोने कोपर मारलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मात्र ते आत्याजवळ आले.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारल्यावर ठरवते."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. जुन्या नकाशाची नक्कल होती. "हे टेकाड. हे तळं. आणि निळे इथे लिहिलेत. टेकाडावर."

आत्याने नकाशा पाहिला, उलटा धरून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "छापणाऱ्याची चूक असेल."

"असेल," ते म्हणाले. "पण मग त्याने चार नकाशांत तीच चूक केलीये." आणि त्यांनी दुसऱ्या खिशातून आणखी तीन काढले.

आत्याने भाजीची पाटी बाजूला ठेवली आणि थेट फोनपाशी गेली. मेजरांना उचलायला वेळ लागला. आम्ही सगळे पडवीत कान टवकारून उभे; मेजरांचा खणखणीत आवाज फोनमधून तिथवर येत होता.

"मेजर, फेरीत तुम्ही कुणीकडे तोंड करून उभे राहायचात?"

"हा काय प्रश्न झाला? लोकांकडे. सैनिक माणसाने लोकांना पाठ दाखवायची नसते."

"म्हणजे कुरणाला पाठ."

"अर्थात."

"आणि 'माझ्या उजव्या हाताला निळे' म्हणायचात, तो हात..."

"टेकाडाकडे. का? काय झालं?"

आत्याने सावकाश फोन खाली ठेवला. ती कुरणाला पाठ करून उभी राहायचीच नाही, पाहुण्यांच्यात उभी राहून, त्यांच्याबरोबर कुरणाकडे बघत बोलायची. आणि म्हणायची, माझ्या उजव्या हाताला निळे. तीन वर्षं दोन्ही फौजा एकमेकींच्या जागी उभ्या होत्या. निळे टेकाडावरून घोडे दौडवत आरामात खाली आले होते, आणि तिने त्यांना बिचाऱ्यांना तळ्यातून पोहायला लावलं होतं.

पहिल्यांदा बाबा हसले. मग आई हसली. मीही हसले, कारण मी तीन वर्षं शंभर पावलांवर नेम शिकवत होते आणि मला एवढी मोठी फौज दिसली नव्हती. आत्या हसली नाही. ती कुरणात निघून गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही. मी बघायला गेले तर ती मोठ्या झाडापाशी उभी होती. कालची फुलं तिथे सुकून पडली होती.

"हा इथे नव्हताच गं," ती म्हणाली. "पलीकडे होता. तळ्याकाठी. आणि आपण सगळे इथे रडत बसलोय."

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, की आजपर्यंत मी लढाई उलटी सांगत आले आहे. लोकांना वाटलं हा फेरीतलाच विनोद आहे. पण तिचं समाधान एवढ्यावर होणार नव्हतं. संध्याकाळी ती पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वह्या घेऊन बसली. त्यांत नाव-पत्ता लिहायची आमच्याकडे पद्धत आहे.

"हे काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"पत्रं लिहितेय. सगळ्यांना."

"सगळ्यांना? अगं, हजारभर माणसं असतील. कुणी तक्रार केलीये का? दोन्ही फौजा मेल्या, दोनशे वर्षं झाली. त्यांना काय फरक पडतो?"

"मी एकतीस वर्षं फोन जोडले, दादा. चुकीचा नंबर लागला तर माणूस परत फोन करून सांगायचा, आणि मी माफी मागून दुरुस्त करायची. हा चुकीचा नंबर आहे. आणि त्यांना कळलेलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर बाबा तिच्या शेजारी बसून पत्ते लिहीत होते.

कार्डावरचा मजकूर असा होता: 'आपण आमच्याकडे आलात तेव्हा मी आपल्याला लढाई उलटी सांगितली. कृपया निळ्यांना डावीकडे व तांबड्यांना उजवीकडे करून घ्यावे. घोडे पोहले नाहीत. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली सही.

कार्डं गेली. आता प्रश्न ढोलवाल्याच्या खऱ्या जागेचा होता. ती तळ्याकाठी आमच्या शेजाऱ्याच्या रानात पडत होती. या शेजाऱ्याला गावात 'नाही' म्हणतात. नमस्कार केला तरी तो आधी "नाही" म्हणतो, मग नमस्कार करतो. आत्या नकाशा घेऊन त्याच्या गोठ्यात गेली. मी बरोबर होते.

"तुमच्या रानातून रोज पंधरा-वीस माणसं नेईन म्हणते."

"नाही."

"कडेकडेने. पीक तुडवणार नाही."

"नाही."

"कुत्रं मोकळं असेल तर आधी सांगाल का?"

"नाही."

आत्या तिथेच बादली उलटी करून तिच्यावर बसली आणि तिने त्याला ढोलवाला सांगितला. नेहमीचा फेरीतला मीठमसाला नव्हता. नकाशावर बोट ठेवून, साधंच. इथे त्याचे लोक उभे होते, मागे तळं, म्हणून पळायला जागा नव्हती. समोरून घोडे उतारावरून आले. हा इथे, तुमच्या विहिरीच्या अलीकडे, उभा होता.

शेजाऱ्याने वाकून तिच्या बोटाखालचा नकाशा बघितला. मग म्हणाला, "विहिरीच्या अलीकडे नांगराला नेहमी दगड लागतो."

"म्हणजे येऊ का?"

"नाही म्हटलं का मी?" तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातला तो पहिलाच होकार असावा.

पंधरा दिवसांनी उत्तरं यायला लागली. पोस्टमन वैतागला. एकाने लिहिलं होतं की तो पूर्ण फेरीत डुलक्या घेत होता, त्यामुळे त्याचं काही बिघडलेलं नाही, तरी आभार. एका शाळेने लिहिलं की घोडे पोहतानाचं चित्र त्यांनी वर्गाच्या भिंतीवर रंगवलंय, आता ते पुसवत नाही, तर खाली 'असे झाले नाही' असं लिहिलं तर चालेल का? आत्याने चालेल म्हणून कळवलं. एका गृहस्थांनी तीन पानं भरून भांडण केलं, की तुम्ही आधी सांगितलेलंच खरं आहे आणि घोडे पोहलेच.

आणि पहिल्या फेरीतल्या त्या डोळे पुसणाऱ्या बाईंचं एक पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'त्या दिवशी झाडापाशी फूल माझ्या यजमानांनी ठेवलं होतं. ते आता नाहीत. मला एवढ्या लांब येणं जमणार नाही. योग्य जागी एक फूल ठेवाल का?'

आत्याने ते पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. मला ते तिच्या उशीखाली चादर बदलताना दिसलं. त्या सकाळी ती फेरीच्या आधी एकटीच विहिरीकडे जाऊन आली होती, एवढं मला माहीत आहे.

आता फेरी तळ्याच्या काठाने शेजाऱ्याच्या रानात जाते. पहिले काही दिवस तो गोठ्याच्या दारात उभा राहून बघायचा. मग हळूहळू लोकांच्या मागे येऊन उभा राहायला लागला. मग एकदा आत्या बोलताना मध्येच म्हणाला, "वारा इथे सकाळी पश्चिमेचा असतो. धूर यांच्याच डोळ्यांत गेला असणार." आत्याने त्याच्याकडे बघितलं. पुढच्या दिवसापासून तिने तो धूर आपल्या हकिकतीत घेतला.

गेल्या हिवाळ्यात तिचा घसा बसला. इतका, की एवढा मोठा आवाज गेला तरी कुठे, असं आईने विचारलं. सकाळी बारा पाहुणे तयार होऊन पडवीत उभे. आत्या शालीत गुंडाळून हातवारे करत होती आणि बाबा पुन्हा "कुणीतरी मिळेलच" म्हणत होते. तेवढ्यात शेजारी आला. धुतलेला सदरा, झटकलेली टोपी, हातात गुरं हाकायची काठी.

"नेतो मी," तो म्हणाला.

उंचवट्यावर जाऊन तो आधी टेकाडाकडे तोंड करून उभा राहिला, मग तळ्याकडे, मग सगळ्यांना आपल्यासारखंच वळायला लावलं. "निळे तिकडे. तांबडे इकडे. भांडण का झालं ते मला पटलेलं नाही, म्हणून सांगत नाही." सगळी लढाई त्याने आठ मिनिटांत उरकली. पण विहिरीपाशी गेल्यावर तो थांबला, टोपी काढली आणि पाहुण्यांना नांगराला लागायचा तो, कुदळीने उकरलेला दगड दाखवला. एकही माणूस हलला नाही.

आत्या कोठीच्या झरोक्याखाली स्टुलावर बसून ऐकत होती. ते परत आले तेव्हा तिने पाटीवर खडूने लिहून मला दाखवलं: 'पश्चिमेचा वारा सांगायला विसरला. पण बरा बोलतो.'