गरीचं दुसरं टोक

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळ, मोशीतलं आमचं घर. हजर: मी, माझे यजमान संपत आणि त्यांच्या शिफ्टमधले इरफानभाई. विषय: यंदाची समुद्राची सहल. यायचे राहिले होते फक्त प्रकाश भावोजी, आणि ते आल्याशिवाय काही ठरणार नव्हतं. फोन आला तो त्यांच्या बायकोचा. भावोजी पहाटे झोपेतच गेले होते... इरफानभाई ताडकन उठले. हे मात्र हातातल्या कपात बघत बसून राहिले.

भावोजी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. चाकणच्या कंपनीत ते आणि हे एकाच लाइनवर. दर हिवाळ्यात ते कंपनीतल्या मंडळींना गावी नेत आणि भावाच्या होडीतून, किनारा दिसत राहील इतक्याच पाण्यात, मासे गरवायला बसवत. गरी म्हणजे नुसता लांब दोर, टोकाला शिसं आणि गळ. काठी नाही, सगळं बोटांवर. बस, नाश्ता, लाइफ जॅकेट, उलटीच्या गोळ्या हे माझ्याकडे, कौतुक त्यांचं. त्याचं मला फारसं वाटलं नसतं. पण घरी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माझा नवरा त्या होडीत पाय ठेवला की बोलत सुटायचा. त्याचा मला हेवा वाटायचा.

भावोजी पाहुण्याच्या दोरावर आपलंही एक बोट अलगद टेकवून ठेवत. मासा लागला की त्यांना आधी कळायचं, पण ते चकार शब्द काढत नसत. पहिल्याच सहलीत ह्यांचा दोर थरथरलेला पाहून मी ओरडले, "अहो, ओढा की!" ह्यांनी हिसडा दिला. रिकामा गळ वर आला.

"वहिनी, माशाला वेळापत्रक नसतं हो," भावोजी म्हणाले. "त्यांच्या बोटाला कळू दे."

"तिला समदं आधीच कळतंय, राव," हे म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले. थोड्या वेळाने ह्यांना चांगली मोठी तांबोशी लागली. ती ह्यांनी उचलून आधी दाखवली भावोजींना. मी शेजारीच बसले होते.

परतल्यावर गुंतलेल्या गऱ्या आमच्या गॅलरीत यायच्या. कापून टाका, नव्या आणू, असं मी दरवेळी सांगायचे. "कापला की गाठ मारावी लागते, वहिनी, आणि गाठीतून माशाचं कळत नाय," हे भावोजींचं उत्तर. मग दोन पाट मांडून एकेक टोक धरून दोघं संध्याकाळभर गुंता सोडवत बसायचे. मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबायचं. एकदा दाराआडून ह्यांचा आवाज ऐकला. "हीर बुजवली त्या दिशी मी कामावर निघून गेलो. बघवलं न्हाई मला." आमच्या शेतातली विहीर, जिच्यावर आता इमारत उभी आहे. मला ह्यांनी सांगितलं होतं, ओव्हरटाइम होता. चहा गार होईपर्यंत मी दाराआडच उभी राहिले...

माणूस गेला, पण माझा हेवा काही गेलेला नाही. भावोजींच्या पाठोपाठ ह्यांची चार वाक्यंही आटली आहेत. सहल रद्द केली, बसवाल्याला कळवलं, भावोजींच्या बायकोची कंपनीतली कागदपत्रं पूर्ण करून दिली. गेल्या वर्षीची एक गरी तेवढी गॅलरीतल्या खिळ्यावर गुंतलेली होती. परवा ती काढली, दोन्ही पाट मांडले आणि एक टोक धरून बसले. हे दारात आले.

"ऱ्हाऊ दे. तुला न्हाई जमायचं."

"एकटीला नाहीच जमणार. बसा."

हे बसले नाहीत. पण आतही गेले नाहीत. बराच वेळ दाराच्या चौकटीला टेकून माझ्या बोटांकडे बघत राहिले. मी एक शब्द बोलले नाही.

पाट मी अजून उचललेले नाहीत. एवढं एकच काम राहिलं आहे: गरी सोडवणे. माणसं दोन लागतात.